झाड गुरुत्वाकर्षणाला हरवत नाही, त्यालाच विचारून वर चढतं

सफरचंद खाली पडतं म्हणून गुरुत्वाकर्षण आहे म्हणता, मग ज्या झाडाला ते लागलं ते झाड वर कसं गेलं? या प्रश्नाने सुरू होणारा एक मजकूर बरेच दिवस हातोहात पुढे सरकतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. झाडं गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वाढतात, म्हणजे एक तर ते बळ नाहीच, किंवा झाडात त्याला हरवणारी काही शक्ती आहे. कोंब वर जातो तो सूर्याच्या ओढीने. मूळ खाली जातं ते जड असतं म्हणून आणि पाण्याच्या शोधात. झाडाला ना मेंदू ना कान, त्याला वर-खाली कळणार कशाने? गुरुत्वाकर्षण असतं तर शंभर मीटर उंच शेंड्याला पाणी पोचलंच नसतं. अंतराळ स्थानकातही झाडं सरळ वाढतात. आणि वर वाढणं हा गुरुत्वाकर्षणाचा नियम असता, तर फांद्या आडव्या का?

प्रश्न वाईट नाहीत. यातले बरेचसे वनस्पतिशास्त्रात खरोखर विचारले गेले आहेत, काही तर दोनशे वर्षांपूर्वी. वाईट याचं वाटतं की लोकांनी बिया चाकाला बांधून, मुळांची टोकं कापून, रोपं अंतराळात नेऊन उत्तरं मिळवली, आणि हा मजकूर त्यातलं काहीच न सांगता वाचणाऱ्याला प्रश्नापाशी सोडून देतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"विरुद्ध वाढतं, म्हणजे हरवतं"

भिंत बांधताना गवंडी ओळंबा सोडतो. ओळंब्याचं वजन खाली ओढलं जातं म्हणून दोरी ताठ राहते, आणि त्या दोरीच्या आधाराने भिंत सरळ वर चढते. भिंतीने गुरुत्वाकर्षणाला हरवलं असं कुणी म्हणत नाही. उलट, खाली ओढणारं काही नसतं तर भिंत सरळ आहे की कललेली, हे ठरवायला तो ओळंबा उपयोगीच पडला नसता. झाडाचं असंच आहे. वर चढायला लागणारं बळ वेगळं आणि वर कुठे आहे हे सांगणारी खूण वेगळी. मजकुरात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि पुढचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

बळ कुठून येतं? पेशीतल्या पाण्याच्या दाबातून. वनस्पतीची पेशी पाणी ओढून घेते आणि आतून भित्तिकेवर, म्हणजे पेशीभोवतीच्या कठीण आवरणावर, दाब देते. हा दाब साधारण तीन ते दहा वातावरणांइतका असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबापेक्षाही जास्त. भित्तिका जिथे सैल होते तिथे पेशी ताणली जाते, लांबते. मातीचा थर उचलून वर येणारा कोंब याच दाबावर येतो. एक वातावरण दाब म्हणजे दहा मीटर पाण्याच्या स्तंभाचं वजन, तेव्हा बोटभर रोपाला स्वतःचं वजन उचलणं मुळीच जड नाही. त्याची खरी अडचण दिशेची आहे. मातीत काळोख, सगळीकडे ओल, बी कसंही आडवंतिडवं पडलेलं. यातून वरचा रस्ता कोणता?

"कोंब सूर्याच्या ओढीने वर जातो"

हा मुद्दा सगळ्यांत पटणारा वाटतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. खिडकीत ठेवलेलं रोप काचेकडे कलतं हे आपण पाहतो. त्याला प्रकाशानुवर्तन म्हणतात आणि ते खरंच आहे. पण बी रुजतं तेव्हा ते मातीखाली असतं. दोन-तीन बोटं मातीच्या खाली सूर्य नसतो, तरी कोंब चुकत नाही.

हे कुणालाही घरी पाहता येतं. मी घेवड्याचे चार दाणे रात्रभर भिजवले. काचेच्या बरणीत आतून ओला टिपकागद लावला आणि काच व कागद यांच्या मध्ये दाणे अडकवले: एक उभा, एक उलटा, दोन आडवे. बरणी बंद कपाटात ठेवली. तिसऱ्या दिवशी चारही दाण्यांतून पांढरं मूळ बाहेर आलं होतं. उलट्या दाण्याचं मूळ आधी वरच्या बाजूने निघालं, मग आकड्यासारखं वळून खाली गेलं. कोंब उशिरा आला, फिकट पिवळा, मान वाकवलेला, आणि चारही दाण्यांचा वरच्याच दिशेला. मग मी बरणी आडवी करून परत कपाट बंद केलं. काही तासांनी उघडून पाहिलं तर मुळांची टोकं वळायला लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी कोंबांनीही काटकोन घेतला होता. जो भाग आधीच वाढून झाला होता तो तसाच आडवा राहिला, नवी वाढ तेवढी वळली. कपाटात कुठूनही उजेड नव्हता. कागद सगळीकडून सारखा ओला होता. बदलली होती ती एकच गोष्ट: खाली कुठली बाजू आहे ती.

कपाटात सूर्य नसला तरी दुसरं काही असेल, अशी शंका कुणी काढेल. ती रास्त आहे. तिचं उत्तर इंग्लंडमधल्या थॉमस अँड्र्यू नाइट यांनी १८०६ साली दिलं, आणि मला तो प्रयोग आजही विज्ञानातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. गुरुत्वाकर्षण बंद करून पाहता येत नाही. मग नाइट यांनी असा विचार केला की त्याच्या जोडीला तसंच दुसरं बळ उभं करावं. बागेतून वाहणाऱ्या ओहोळावर त्यांनी लहानशी पाणचक्की बसवली आणि तिच्यावर अकरा इंच व्यासाचं एक उभं चाक फिरवलं, मिनिटाला दीडशेहून अधिक फेरे. चाकाच्या कडेला भिजवलेल्या बिया बांधल्या, कुठलीही कुठल्याही बाजूला तोंड करून. चाक फिरत असल्यामुळे त्या बियांना 'खाली' अशी एक ठरलेली बाजू उरलीच नाही, ती क्षणोक्षणी बदलत राहिली. उरलं ते फक्त चाकाच्या केंद्रापासून बाहेर फेकलं जाणं.

बिया रुजल्या तेव्हा एकूण एक मुळं बाहेरच्या दिशेला निघाली आणि एकूण एक कोंब चाकाच्या केंद्राकडे. काही कोंब वाढता वाढता केंद्र ओलांडून पलीकडे गेले, तर त्यांची टोकं वळून पुन्हा केंद्राकडे आली. सूर्य त्या केंद्रात नव्हता.

पुढे नाइट यांनी चाक आडवं केलं. आता खाली ओढणारं गुरुत्वाकर्षणही लागू आणि बाहेर फेकणारं बळही. मिनिटाला अडीचशे फेऱ्यांना कोंब जवळजवळ आडवे होऊन केंद्राकडे झुकले, आडव्या रेषेपासून जेमतेम दहा अंश वर. वेग कमी करून ऐंशी फेऱ्यांवर आणला तर कोंब पंचेचाळीस अंशांवर आले. गणित करून पाहा: अकरा इंचांच्या चाकाला मिनिटाला ऐंशी फेऱ्यांना कडेवर बाहेर फेकणारं बळ जवळजवळ गुरुत्वाकर्षणाएवढंच निघतं. दोन सारखी बळं काटकोनात, म्हणजे त्यांचा मेळ पंचेचाळीस अंशांवर. कोंबांनी तोच कोन धरला. सूर्याच्या ओढीने वाढणारं रोप चाकाच्या वेगाप्रमाणे कोन बदलेल कशाला?

एक पुरावा आणखी, आणि तो फुलझाडाचा आहे. जपानमध्ये मॉर्निंग ग्लोरीची, म्हणजे निळ्या घंटेसारख्या फुलांच्या वेलीची, एक जात पूर्वीपासून जपलेली आहे. तिचे देठ वर चढतच नाहीत, खाली लोंबत राहतात. २००५ साली कळलं की तिच्या एका जनुकात बिघाड आहे आणि त्यामुळे देठातला पेशींचा एक विशिष्ट थर नीट तयार होत नाही. या थराकडे पुढे येतोच. तिलाही ऊन मिळतं आणि त्यावर ती अन्न करते. वर कुठे आहे हे मात्र तिला समजत नाही.

"मूळ जड म्हणून आणि पाण्यासाठी खाली जातं"

जडपणाचं आधी. मूळ जड दोरीसारखं लोंबत असतं, तर ते स्वतःपेक्षा जड द्रवात शिरलं नसतं. एकोणिसाव्या शतकात हे पाऱ्यावर करून पाहिलं गेलं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यावर लोखंड तरंगतं. तरी पाऱ्याच्या पृष्ठावर धरलेल्या बीचं मूळ पाऱ्यात खाली घुसलं. वजनाने पडणारी वस्तू असं करत नाही. जोर लावून वाढणारी वस्तू करते.

त्याहून स्पष्ट पुरावा मुळाच्या टोकाचा आहे. चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्यासोबत केलेल्या आणि १८८० साली प्रसिद्ध केलेल्या कामात मुळांची टोकं कापून ती आडवी ठेवली. मुळं वाढत राहिली, पण खाली वळली नाहीत. काही दिवसांनी नवं टोक तयार झालं आणि मग वळली. १९६६ साली मक्याच्या मुळावर हे आणखी नेमकं झालं: टोकावरची टोपीसारखी मूलटोपी तेवढी अलगद काढली. मूळ सरळ पुढे वाढत गेलं, वजन जवळजवळ तेवढंच, पण दिशा गेली. टोपी पुन्हा घडू लागली तशी दिशाही परत आली. टोकावरच्या कणभर टोपीने जडपणात काय फरक पडणार?

पाण्याचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. मुळं ओलीकडे वळतात हे खरं आहे. जर्मन शास्त्रज्ञ युलिउस झाक्स यांनी ओल्या भुशाने भरलेली चाळणी तिरकी टांगून त्यात बिया रुजवल्या होत्या. मुळं आधी चाळणीच्या भोकांतून खाली हवेत उतरली, आणि बाहेरची हवा कोरडी लागली तशी वळून पुन्हा चाळणीच्या ओल्या तळाकडे गेली. म्हणजे मूळ दोन्ही ऐकतं. पण हाच प्रयोग मजकुराच्या विरुद्ध जातो, कारण ओल चाळणीत होती आणि मुळं सुरुवातीला तिच्यातून बाहेर, खाली निघाली. फक्त पाणी शोधणाऱ्या मुळाने ती कधीच सोडली नसती.

"मेंदू नाही, कान नाही, कळणार कशाने?"

या मुद्द्यापाशी मला थांबायचं आहे, कारण याचं उत्तर इतकं सुंदर आहे की ते माहीत नसणं हे नुकसान आहे.

मूलटोपीच्या मधोमध काही पेशी असतात. त्यांच्या आत पिष्टाने, म्हणजे स्टार्चने, भरलेले कण असतात. एकेक कण मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. पेशीतल्या द्रवापेक्षा पिष्ट बरंच जड, त्यामुळे हे कण पेशीच्या तळाशी जाऊन बसतात. मूळ आडवं केलं की कण घरंगळत नव्या तळाशी येतात, काही मिनिटांत. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ जिवंत ठेवून हे घरंगळणं बघता येतं. १९०० साली ऑस्ट्रियातले गॉटलिब हाबरलांट आणि प्राग इथले बोहुमिल न्येमेत्स या दोघांनी, एकमेकांपासून वेगळं काम करून, एकच गोष्ट मांडली: झाडाचा ओळंबा तो हाच.

आपल्या कानाच्या आतल्या भागातही चुनखडीचे बारीक कण असतात, त्यांच्या सरकण्यावरून आपल्याला मान कलल्याचं कळतं. तेव्हा झाडाला कान नाही हे खरं, पण कानातली ही युक्ती त्याच्याकडे आहे. मेंदू लागत नाही तो यासाठी की घरंगळलेल्या कणांपासून वळणाऱ्या मुळापर्यंतचं सगळं काम रसायनांनी होतं.

कणांच्या बसण्याचा आणि वळण्याचा खरंच संबंध आहे, की दोन्ही आपली एकाच वेळी घडतात? हेही तपासलं गेलं. अॅराबिडॉप्सिस नावाच्या लहानशा रोपाचे असे वाण आहेत की ज्यांना पिष्ट बनवताच येत नाही. १९८९ साली दोन वेगवेगळ्या चमूंनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही रोपं गुरुत्वाकर्षणाला प्रतिसाद देतात, पण फार मंद आणि ढिला. अगदी शून्य नाही हेही सांगायला हवं, कारण पिष्ट नसलेले कणही थोडे जड असतातच. आणि १९९६ साली उलट बाजूने प्रयोग झाला. पिष्ट चुंबकापासून किंचित दूर लोटलं जातं. जवसाच्या मुळाजवळ अतिशय तीव्र आणि एका बाजूने झपाट्याने घटणारं चुंबकीय क्षेत्र ठेवून हे कण पेशीतच एका बाजूला सारले, मूळ न हलवता. कण सरकले आणि मूळ वळलं. कणांना जिथे 'खाली' भासवलं तिथे मुळाने खाली मानलं.

देठात मूलटोपी नसते. तिथे असेच कण खोडाच्या आतल्या एका पातळ थरात असतात, अंतस्त्वचेत. जपानी वेलीत बिघडलेला थर तो हाच.

आता वळणं कसं होतं ते. मूलटोपीतून ऑक्झिन नावाचं संप्रेरक मागे, वाढणाऱ्या भागाकडे वाहतं. पेशीच्या पटलात, म्हणजे भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्यात, ऑक्झिन बाहेर ढकलणारी प्रथिनं असतात. मूळ आडवं झालं, कण बाजूला बसले, की ही प्रथिनं खालच्या बाजूला एकवटतात आणि मुळाच्या खालच्या कडेने ऑक्झिन जास्त वाहू लागतं. मुळात जास्त ऑक्झिन म्हणजे पेशी कमी लांबणं. खालची बाजू मागे पडते, वरची पुढे जाते, टोक खाली वळतं. देठात मात्र तेच ऑक्झिन, तसंच खालच्या बाजूला जमून, पेशी जास्त लांबवतं. खालची बाजू वाढते आणि देठ वर उचलला जातो. एकच निरोप, एकच रसायन, आणि एक अवयव पाताळाकडे तर दुसरा आकाशाकडे. मजकूर विचारतो, एकच बळ मुळाला खाली आणि कोंबाला वर कसं नेईल? नेत नाही. ते फक्त खाली कुठे आहे ते सांगतं. त्यावर काय करायचं ते अवयवागणिक ठरलेलं असतं.

मधली एक कडी बराच काळ हाती लागत नव्हती: कण कुठे बसलाय हे प्रथिनांना सांगतं कोण? आडव्या पसरणाऱ्या, उभं न राहणाऱ्या मक्याचं आणि भाताचं एक वाण फार पूर्वीपासून माहीत होतं. संशोधकांनी त्याला लेझी, म्हणजे आळशी, असं नाव दिलं आणि त्यातल्या बिघडलेल्या जनुकालाही तेच नाव पडलं. २०२३ साली जपानमधल्या आणि चीनमधल्या चमूंनी दाखवलं की लेझी प्रथिनं पिष्टकणांच्या पाठीवर बसून घरंगळत येतात आणि कण जिथे टेकतो तिथे पेशीच्या पटलावर उतरतात. तिथून पुढे ऑक्झिनचा ओघ फिरतो. नाइट यांच्या चाकापासून दोनशे सतरा वर्षांनी हा निरोप्या सापडला.

"गुरुत्वाकर्षण असतं तर शेंड्याला पाणी पोचलं नसतं"

वरून चोखून पाणी साधारण दहा मीटरच चढतं, कारण हवेचा दाब तेवढंच ढकलतो, हे मजकुराने बरोबर धरलं आहे. झाड मात्र चोखत नाही, ओढतं. पानातून पाणी वाफ होऊन जातं, पानाच्या पेशींमधल्या केसाहून बारीक फटींत पाण्याचा पृष्ठ आत खेचला जातो, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तो ताण दोरीसारखा थेट मुळापर्यंत जातो. आयर्लंडमधल्या हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी हे १८९४ साली मांडलं. ऊर्जा सूर्याची, कारण वाफ तो करतो. सूर्याचं झाडाच्या उंचीशी नातं असेल तर ते इथे आहे.

आणि गुरुत्वाकर्षण इथे मुकाट बसलेलं नाही. दर दहा मीटर उंचीला पाण्याच्या त्या दोरीवर एक वातावरण ताण वाढतो. कॅलिफोर्नियातल्या रेडवुड झाडांच्या शेंड्यांवर चढून संशोधकांनी हे मोजलं. वरची पानं लहान, जाड, खालच्यांपेक्षा अगदी वेगळी दिसतात, कारण तिथे पेशींना ताणून मोठं करायला पुरेसा दाब उरत नाही. त्यावरून २००४ साली अंदाज बांधला गेला की झाडाची उंची १२२ ते १३० मीटरच्या पलीकडे जाऊ शकणार नाही. २००६ साली सापडलेलं हायपेरियन नावाचं रेडवुड, आज उभ्या असलेल्या झाडांतलं सर्वांत उंच ज्ञात झाड, ११५ मीटरच्या थोडं वर आहे. गुरुत्वाकर्षण नसतं तर ही मर्यादा आली कुठून?

"अंतराळातही झाडं सरळच वाढतात"

वाढतात हे खरं. १९८२ साली सोव्हिएत संघाच्या साल्युत ७ स्थानकावर अॅराबिडॉप्सिसने बीपासून बीपर्यंत आयुष्य पुरं केलं, आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर वाढवलेलं लाल लेट्यूस तिथल्या अंतराळवीरांनी खाल्लं. पण ती रोपं सरळ असतात ती डोक्यावर लावलेल्या दिव्यांकडे. ओळंबा चालत नसला की रोप उरलेल्या खुणा धरतं, आणि त्यातली ठळक खूण उजेडाची. खालून उजेड सोडला तर ते 'खाली' वाढेल, कारण तिथे त्याला खालीच नाही. मुळंही उजेडापासून दूर जाण्याच्या सवयीने दिशा धरतात. काळोखात रुजवली तर रोपं वाट्टेल तिकडे जातात. मजकुराला वाटतं हा पुरावा त्याच्या बाजूचा आहे, पण माझ्या कपाटातलं घेवड्याचं रोप काळोखातही सरळ वर गेलं होतं. दोन्हींत फरक एवढाच की इथे कण तळाशी बसतात आणि तिथे पेशीत तरंगत राहतात.

स्थानकावर गुरुत्वाकर्षण नाही असंही नाही. चारशे किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असतं. पण स्थानक, रोप, पेशी आणि पिष्टाचा कण हे सगळे पृथ्वीभोवती एकत्रच पडत असतात, त्यामुळे कण पेशीच्या तळाला टेकत नाही. आणि कण टेकला नाही तर निरोप जात नाही.

"मग फांद्या आडव्या का?"

कारण सरळ वर हा एकच कोन झाडाला ठाऊक नाही. मुख्य खोड उभं, फांद्या ठरावीक तिरप्या, भूमिगत खोड बऱ्याचदा अगदी आडवं, दुय्यम मुळं तिरपी. प्रत्येक अवयवाचा आपला कोन असतो आणि तो ओळंब्यावरूनच मोजलेला असतो. फांदी दोरीने ओढून खाली बांधली तर तिचं कोवळं टोक पुन्हा आपला कोन गाठू बघतं. भुईमुगाचं फूल फलित झालं की त्याच्या तळाशी एक देठ निघतो, हा देठच असून खाली वाढतो आणि शेंग मातीत नेतो. खारफुटीची श्वसनमुळं मुळंच असून चिखलातून वर येतात. मजकूर ज्याला अपवाद म्हणेल, तीही गुरुत्वाकर्षण वाचूनच घेतलेली दिशा आहे, फक्त त्या अवयवाने तिचा अर्थ वेगळा लावलेला आहे.

डोंगरउताराकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जमीन तिरपी असते, पण खोडं जमिनीला काटकोनात नसतात. ती थेट उभी असतात, सपाट माळावरच्या झाडांसारखीच. वाऱ्याने आडवं झालेलं गव्हाचं पीक दोन दिवसांत पेऱ्यांपाशी कोपरासारखं वाकून पुन्हा माना वर करतं, कारण पेऱ्यावरच्या फुगीर भागात तेच पिष्टकण असतात आणि खालची बाजू पुन्हा लांबू लागते.

लाकूड झालेल्या खोडाला असं पेशी लांबवून वाकता येत नाही. तरी दरड सरकून कललेलं तरुण झाड वर्षानुवर्षं हळूहळू स्वतःला उभं करत आणतं. पाइनसारखी सूचिपर्णी झाडं कललेल्या खोडाच्या खालच्या बाजूला दाट, ढकलणारं लाकूड घालतात. रुंद पानांची झाडं वरच्या बाजूला आकसणारं, ओढणारं लाकूड घालतात. अशा खोडाचा आडवा काप पाहिला तर गाभा मधोमध नसतो. सूचिपर्ण्यांत तो वरच्या कडेला सरकलेला असतो आणि खालच्या बाजूची वर्तुळं रुंद होत गेलेली दिसतात. ती रुंदी ज्या वर्तुळापासून सुरू होते, ते मोजून कुठल्या वर्षी दरड सरकली होती ते सांगता येतं.